सी-६०मध्ये मावलेला थ्रॅश

१९९२-९३च्या सुमारास सांगलीत थ्रॅश मेटल, म्हणजे हेवी मेटल रॉकचा अतिवेगवान, आक्रमक प्रकार, विकत मिळत नव्हते, असे म्हटले तरी फारसे वावगे ठरणार नाही. कॅसेटच्या दुकानांत चित्रपटगीते, भावगीते, नाट्यपदे आणि अभंग यांची दाटी असे आणि इंग्रजीचा जो एक कप्पा असे, तो पॉपपाशीच संपत असे. आमच्यापर्यंत हे संगीत पोहोचले ते विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंगच्या वसतिगृहातून. मुंबई-पुण्याकडची मुले सुट्टीवरून परतताना कॅसेटी आणत, त्यांच्या नकला होत, नकलांच्याही नकला होत आणि अकरावीतल्या माझ्यासारख्याच्या हाती त्या येईपर्यंत संगीताइतकीच खरखरही ऐकावी लागे.

केबलवरच्या एमटीव्हीमुळे मेटॅलिका या अमेरिकन बँडचा १९९१चा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम तेव्हा माहीत झाला होता. तो मागायला गेलो, तर वसतिगृहातल्या दादाने ‘हा राहू दे, आधी मागचं ऐक’ असे म्हणून त्यांचाच १९८६चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हातावर ठेवला. त्याची सुरुवात अगदी सौम्य, साध्या गिटारच्या सुरांनी होते आणि मग जे सुरू होते, त्याला मी तेव्हा केवळ वेग समजत होतो. ऐकता ऐकता लक्षात आले की खरे काम उजव्या हाताचे आहे. तळव्याची कड तारांवर किंचित टेकवून नाद दाबायचा आणि जलद लयीतही आघात वरून खालीच करत राहायचे, ही मेटॅलिकाचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड याची पद्धत. त्यामुळे प्रत्येक आघाताला सारखेच वजन येते आणि साडेआठ मिनिटांच्या शीर्षकगीतात मधला संथ भाग ओलांडून मूळ लय परतते, तेव्हा ती जराही सैल झालेली नसते. माझे वडील मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेला नेमाने जाणारे. त्यांनी दाराशी उभे राहून थोडे ऐकले आणि ‘लय पक्की आहे पोरांची, पण यात गातो कोण?’ एवढेच विचारले. आजवर या संगीतावर मी वाचलेल्या बऱ्याच समीक्षेपेक्षा मला तो अभिप्राय नेमका वाटतो.

त्याच वर्षीचा स्लेयर या बँडचा ‘रेन इन ब्लड’ मात्र घरात मोठ्याने लावण्यासारखा नव्हता. दहा गाणी आणि एकूण लांबी जेमतेम २९ मिनिटे! मूळ कॅसेटवरही अख्खा अल्बम दोन्ही बाजूंना छापलेला होता. आमची नक्कलही तशीच होती, कारण सी-६०च्या, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटच्या, एका बाजूला तो नेमका मावत असे. बाजू संपली की कॅसेट उलटायची आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकायचे. पहिल्या गाण्यात सगळी वाद्ये थांबून ड्रमवादक डेव्ह लोंबार्डोचे दोन्ही पाय काही क्षण एकटेच बेस ड्रमवर धावतात, ती जागा आम्ही इतक्या वेळा मागे नेऊन ऐकली की तिथला आवाज थरथरू लागला. ते गाणे आउश्वित्झ या नाझी छळछावणीतल्या जोसेफ मेंगेले या डॉक्टरच्या कृत्यांवर आहे, हे पुढे कळले. नकलेबरोबर गीतांचा कागद येत नसे आणि उच्चारांवरून तर काहीच हाती लागत नसे. त्या गाण्यामुळे आणि मुखपृष्ठामुळे कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने हा अल्बम वितरित करण्याचे नाकारले होते.

मेटॅलिकाच्या १९८८च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ची अडचण वेगळी होती. तो ६५ मिनिटांचा असल्यामुळे सी-९०च हवी. पण कॅसेट भरून देणाऱ्याने पैसे वाचावेत म्हणून तो सी-६०वर बसवला आणि ‘डायर्स ईव्ह’ हे शेवटचे गाणे बाहेरच राहिले. त्यामुळे सप्टेंबर १९८६मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेलेल्या क्लिफ बर्टन या मेटॅलिकाच्या बेसवादकाच्या सुरावटींवर रचलेल्या दीर्घ, जवळजवळ शब्दविरहित गाण्यावर आमचा अल्बम संपत असे आणि मला अजूनही तोच शेवट अधिक योग्य वाटतो. या अल्बममध्ये बेस गिटार ऐकूच येत नाही, हा दोष आम्ही बरेच दिवस नकलेवर ढकलत होतो. पुढे सीडी ऐकली, तर तिच्यातही ते वाद्य नव्हतेच म्हणायचे.

मेगाडेथचा १९९०चा ‘रस्ट इन पीस’ वादनकौशल्यात या सर्वांच्या पुढे आहे, हे मान्य करूनही मी त्याच्याकडे कमी वेळा परततो. अँथ्रॅक्सचा ‘अमंग द लिव्हिंग’ मित्रांना आवडे, मला नाही. सेपुल्तुराचा १९९१चा ‘अराइज’ मात्र पोटात शिरला. हा बँड कॅलिफोर्नियाचा नव्हे, तर ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंटे गावचा, हे कळल्यावर आमच्यातल्या दोघांनी मिरजेहून जुनी गिटार आणून बँड काढायचे ठरवले. ड्रम कोणाकडेच नसल्यामुळे प्रकरण तिथेच थांबले.

आता हे सगळे अल्बम फोनवर आहेत. ‘डायर्स ईव्ह’ही आहे आणि ते चांगले गाणे आहे. तरी ‘जस्टिस’ ऐकताना मी बहुतेक वेळा त्याच्या आधीच थांबतो.