गाडी अजून का विकली नाही

"इतकं होऊनही ती इलेक्ट्रिक गाडी विकली नाहीस?" इंदुरात रामबागेत मावशीकडे गणपतीला हेच, सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना हेच, परवा लग्नाच्या पंगतीत साडूभाऊंनी पुन्हा हेच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगतो.

गाडी धुळ्याच्या वाटेवर अडकली, त्यातला आधी घाटाचा विषय मिटवू. "घाटात बॅटरी बसली असेल" हे सगळ्यांचं आवडतं निदान. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर, खलघाटची नर्मदा १५०च्या आसपास. माणसांसकट १,८०० किलोची गाडी तेवढी वर चढवायला जेमतेम दोन युनिट जास्त लागतात. माझी बॅटरी तीस युनिटची. उतरताना तर थोडी वीज परतच मिळते. बॅटरी खरी खाते ती हवा. वेग ८०चा १०० केलात की हवेचा अडथळा दीडपट होतो. साडूभाऊ, तुमची मांडवाची ट्रॉली ही गाडी ओढेल का, त्याचंही तेच. ताकद भरपूर आहे, ओढेल. पण ट्रॉलीचं रुंद तोंड वाऱ्याला लागलं की पल्ला निम्म्यावर. शिवाय माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रॉलीला सरळ मनाई आहे.

आता ते.

मे २०२३. पहाटे पाचला धुळ्याहून फोन आला, मामा गेला. आईचा धाकटा भाऊ. दुपारी बाराला नेणार होते. गाडी ८० टक्के भरलेली होती. धुळं अडीचशे किलोमीटर, म्हणजे वाटेत एकदा थांबावं लागणारच. खलघाटजवळ चार्जर होता, पण चार्जिंगची गन एकच आणि तिला आधीच एक गाडी लावलेली. चाळीस मिनिटं तरी गेली असती. घाट उतरताना पडद्यावरचा उरलेल्या पल्ल्याचा आकडा वाढला होता, तो ९८ किलोमीटर दाखवत होता. आकडा वाढला आणि मला माज चढला. पुढे सेंधव्याजवळ आहेच की दुसरा, म्हणून न थांबता निघालो. ही चूक माझी. गाडीची नाही, घाटाची नाही.

सेंधव्याच्या अलीकडच्या त्या चार्जरचा पडदा काळा होता. रात्रीच्या वादळात तिथली लाइन गेलेली. बॅटरी नऊ टक्के. पुढचा चार्जर शिरपूरला, बिजासन घाटापलीकडे.

मागे फिरून एका ढाब्यावर गेलो. तिथे वीज होती. मालकानं कूलरचा प्लग काढून दिला, पण माझ्या केबलवर लाल दिवा. अर्थिंग नाही. मालकाला कळलं बरोबर. त्यानं मागे जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि दिवा हिरवा झाला! पण त्या सॉकेटवर तासाला मिळणार जेमतेम अठरा किलोमीटर.

आई बाकावर बसून होती. चहा घेतला नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. तेवढ्यात एक ट्रकवाला म्हणाला, "टोचन कर देता हूँ, शिरपूर तक." साखळी काढलीच त्यानं. मला नाही म्हणावं लागलं. चाकं जमिनीवर ठेवून ही गाडी ओढली की चाकांबरोबर मोटर फिरते, तिच्यात लोहचुंबक असतात, ती वीज तयार करायला लागते आणि आतलं सगळं जळू शकतं. चारही चाकं उचलूनच न्यावी लागते. हे सगळं मी त्याला हिंदीत समजावत होतो आणि आई ऐकत होती.

"म्हणजे तुझी गाडी ओढूनसुद्धा नेता येत नाही?"

एवढंच. रागानं नाही. खरंच समजून घ्यायला विचारलं.

सव्वानऊला शिरपूरला निघालेली एक तूफान जीप ढाब्यावर थांबली. आधीच भरलेली. एका बाईनं मुलाला मांडीवर घेतलं आणि आईला जागा केली. शहात्तर वर्षांच्या आईला मी अनोळखी माणसांत बसवून दिलं आणि गाडी राखत बसलो. मी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. लोक स्मशानातून येऊन अंघोळी करून बसले होते. आईला भावाचं तोंड दिसलं. मला मामाचं नाही.

गाडी घेतली तेव्हा मी तुम्हालाच वर ऐकवायचो, "वर्षातून किती वेळा जाता हो दोनशे किलोमीटरच्या पुढे?" माझं उत्तर होतं, चार. आजही चारच आहे. बाकी वर्षभर घरच्या सॉकेटवर, किलोमीटरला रुपया-सव्वा रुपयात. हिशोब तेव्हा बरोबर होता, आजही आहे. त्या चारातली एखादी खेप कोणती असेल, हे मात्र मी तेव्हा धरलं नव्हतं. ते धरायचं कसं, हेही मला कळत नाही. आणि पेट्रोलच्या गाडीचा पट्टा त्याच दिवशी तुटला असता तर? असं म्हणतो खरा, पण पेट्रोलची गाडी टोचन करून नेता आली असती.

आता डिकीत अर्थिंगसाठी तांब्याची सळई, वायर आणि पाण्याचा कॅन असतो. रोज रात्री गाडी शंभर टक्के भरतो. रोज पूर्ण भरणं बॅटरीला बरं नाही हे माहीत असून भरतो. विकायचा विचार दोनदा केला. एकदा गिऱ्हाईकही आलं होतं, त्यालाही मी घाटाचं गणितच समजावत बसलो.

पुढच्या आठवड्यात मामेभावाच्या मुलीचं लग्न आहे, धुळ्यालाच. आईला म्हटलं, गाडी भरून ठेवतो. तिनं बसचं तिकीट आधीच काढलंय. म्हणाली, "तू ये मागून, सावकाश."