विममध्ये मराठी ओळी जोडण्या-तोडण्याच्या कमांड: माझा अनुभव

पीडीएफमधून किंवा ओसीआर करून, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून, मराठी मजकूर काढला की तो छापील पानाच्या रुंदीने तुटलेला येतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर, मधेच रिकाम्या ओळी, आणि परिच्छेद कुठे संपला याचा पत्ता नाही. हे हाताने नीट करत बसायचं नसेल तर विम या टेक्स्ट एडिटरमध्ये दोन कमांड हव्यात. एक परिच्छेदातल्या ओळी जोडून सलग एकच ओळ करणारी, दुसरी तीच ओळ ठरलेल्या रुंदीत पुन्हा मोडणारी. मी त्यांना जोड आणि घडी अशी नावं दिली. नावं रोमनमध्येच आणि पहिलं अक्षर कॅपिटल, कारण आपण बनवलेल्या कमांडना विम दुसरं काही चालवून घेत नाही. छोट्या अक्षराने सुरुवात केली तर ई१८३ ही चूक दाखवतो. इथे मी कमांड आणि ऑप्शन उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, विममध्ये ते अर्थातच रोमनमध्ये टाइप करायचे.

कमांड लिहिणं सोपं आहे. सगळा ताप दिला तो फॉरमॅटऑप्शन्स या, ओळी कशा मोडायच्या-जोडायच्या ते अक्षरांनी ठरवणाऱ्या ऑप्शनमधल्या एका अक्षराने, छोट्या एमने. आशियाई लिपींसाठी म्हणून जी तयार कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, फिरत असते तिच्यात छोटा एम आणि मोठा एम ही जोडी हमखास असते. ती चिनी आणि जपानी मजकुरासाठी आहे. त्या लिपींत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे ओळ कुठल्याही अक्षरावर मोडली तरी चालते. छोटा एम विमला सांगतो की २५५ च्या वरच्या कोणत्याही युनिकोड अक्षराजवळ ओळ तोडायला हरकत नाही. देवनागरी सुरू होते २३०४ पासून. म्हणजे विमच्या लेखी मराठीतलं प्रत्येक अक्षर हा स्वतंत्र शब्दच, आणि ओळ भरली की तो शब्दाच्या पोटातूनही कापतो.

कापतो कसा, ते 'महाराष्ट्र' या शब्दात बघा. मात्रा आणि हलन्त हे विमसाठी आधीच्या अक्षराला चिकटलेले असतात, त्यामुळे 'हा'मधला काना कधी सुटा पडत नाही. पण जोडाक्षर ही एक वस्तू आहे हे त्याला माहीत नाही. 'ष' आणि त्याचा हलन्त हे एक, पुढचा 'ट्' दुसरा, 'र' तिसरा. रुंदी नेमकी तिथे संपली तर वरच्या ओळीच्या शेवटी 'महाराष्' आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला 'ट्र'. शंभर ओळींच्या मजकुरात असे शब्द विखरून पडतात आणि वरवर चाळताना दिसतही नाहीत, कारण बऱ्याच ठिकाणी शब्द साध्या अक्षरावर तुटतो आणि दोन्ही तुकडे वाचताना डोळा ते आपोआप जोडून घेतो.

इथपर्यंतही ठीक, अनडू करता येतं. खरा घात पुढे आहे. असा तुटलेला मजकूर सेव्ह झाला आणि नंतर जोडायला घेतला की विमपुढे दोनच वाटा राहतात. मोठा एम नसेल तर तो जोडताना मधे एक जागा टाकतो आणि 'महाराष् ट्र' कायमचा तसाच राहतो. मोठा एम असेल तर बहुबाइट, म्हणजे एकापेक्षा जास्त बाइट घेणाऱ्या, अक्षराच्या आधी किंवा नंतर जागा टाकायचीच नाही असा नियम लागू होतो. मग 'महाराष्ट्र' बरोबर जुळतो, पण जिथे ओळ दोन शब्दांच्या मधे, योग्य जागी मोडली होती तिथेही जागा पडत नाही आणि 'राज्याच्या स्थापनेनंतर'चं 'राज्याच्यास्थापनेनंतर' होतं. ओळ मोडताना शेवटची जागा काढून टाकलेली असल्यामुळे कुठली जोडणी शब्दाच्या आतली आणि कुठली दोन शब्दांमधली, याची खूण फाइलमध्ये उरतच नाही. म्हणूनच या एका अक्षराबद्दल मी इतकं लिहितोय. बाकीच्या गडबडी दुरुस्त होतात, ही होत नाही.

थोडंफार वाचवता येतं. मराठीत पूर्ण शब्द पाय मोडक्या अक्षराने क्वचितच संपतो. 'अर्थात्', 'क्वचित्' असे जुन्या वळणाचे शब्द सोडले तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे ओळीच्या शेवटी हलन्त शोधला की जोडाक्षरावर तुटलेले सगळे शब्द सापडतात. हलन्ताचा युनिकोड क्रमांक ०९४डी; शोधाच्या पट्टीत कंट्रोल-व्ही, मग यू, मग हा क्रमांक टाइप केला की नुसता हलन्त उमटतो, आणि त्यापुढे ओळीच्या शेवटाचं $ चिन्ह. साध्या अक्षरावर तुटलेले शब्द मात्र शब्दकोशाला किंवा डोळ्यांनाच शोधावे लागतात.

दोष कुठून आला हे शोधायला व्हर्बोस सेट फॉरमॅटऑप्शन्स आणि शेवटी प्रश्नचिन्ह, एवढी कमांड पुरते. सध्याची किंमत दिसतेच, शिवाय ती शेवटची कुठल्या फाइलने बदलली तेही दिसतं. हे बघणं गरजेचं आहे, कारण आपल्या व्हिमआरसीमध्ये, म्हणजे विमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, कितीही नीट लिहिलं तरी फाइल उघडल्यावर त्या फाइलप्रकाराचा प्लगइन नंतर चालतो आणि आपली किंमत पुसतो. म्हणून मी ही दोन अक्षरं काढण्याचं काम व्हिमआरसीवर सोडत नाही. कमांडच्या फंक्शनमध्येच फॉरमॅटऑप्शन्स तात्पुरते बदलतो आणि काम झालं की परत ठेवतो.

आता फंक्शन. दोन्ही कमांड एकच फंक्शन वापरतात, फरक फक्त रुंदीचा. फंक्शनला पहिली ओळ, शेवटची ओळ आणि रुंदी असे तीन आकडे द्यायचे. आत टेक्स्टविड्थ (ओळीची रुंदी), फॉरमॅटऑप्शन्स, ऑटोइंडेंट (नव्या ओळीला आधीच्या ओळीइतकं आत सरकवणं) आणि फॉरमॅटलिस्टपॅट (यादी ओळखण्याचा नमुना) यांच्या जुन्या किमती चलांमध्ये ठेवायच्या. मग सेटलोकलने नव्या लावायच्या: टेक्स्टविड्थला मिळालेली रुंदी, फॉरमॅटऑप्शन्समध्ये फक्त क्यू आणि एन, ऑटोइंडेंट चालू. नंतर नॉर्मल या कमांडने पहिल्या ओळीवर जायचं, मोठ्या व्हीने ओळी निवडत शेवटच्या ओळीपर्यंत यायचं आणि जीडब्ल्यू, म्हणजे निवडलेल्या ओळी ठरलेल्या रुंदीत पुन्हा बसवणारी कमांड. नॉर्मलपुढे उद्गारचिन्ह हवंच, नाहीतर तुमच्या स्वतःच्या की-मॅपिंग मधे येतात. जुन्या किमती परत ठेवण्याचा भाग ट्राय आणि फायनली यांच्यातल्या फायनलीत लिहा, म्हणजे मधे चूक झाली तरी सेटिंग अडकून राहत नाही.

जोडसाठी रुंदी ९९९९९ देतो, घडीसाठी ६०. 'रुंदी नको' म्हणून शून्य द्यायचा मोह होतो, पण टेक्स्टविड्थ शून्य असला की हे फॉरमॅटिंग स्क्रीनची रुंदी धरतं, तीही जास्तीत जास्त ७९. म्हणजे जोडायला गेलात आणि ओळी ७९ वर मोडून मिळाल्या, असं होतं.

कमांडच्या व्याख्येत रेंज=% लिहिलं की काही न निवडता चालवल्यास सगळी फाइल धरली जाते, आणि निवड केली असेल तर तेवढ्याच ओळी. ग्लोबल कमांडने 'इथून पुढच्या रिकाम्या ओळीपर्यंत जोड' असं सांगणारी जी प्रसिद्ध एका ओळीची युक्ती आहे, ती मी मुद्दाम टाळली. फाइलच्या शेवटी रिकामी ओळ नसेल तर तिचा शेवटचा परिच्छेद तुटकाच राहतो. निवड परिच्छेदाच्या मधे संपली तर ही युक्ती निवडीबाहेरच्या ओळीही ओढून घेते.

ओळी रुंदीत बसवणारी नेहमीची कमांड जीक्यू; ती न वापरता जीडब्ल्यू का? जीक्यू आधी फॉरमॅटएक्स्पर (फॉरमॅटिंगसाठी नेमलेली विमची सूत्रओळ) बघतं, तो रिकामा असेल तर फॉरमॅटपीआरजी (त्यासाठी नेमलेला बाहेरचा प्रोग्रॅम), आणि दोन्ही नसतील तरच विमचं स्वतःचं फॉरमॅटिंग चालवतं. निओविममध्ये (विमपासूनच निघालेला एडिटर) लँग्वेज सर्व्हर, म्हणजे मजकूर तपासणारा वेगळा प्रोग्रॅम, जोडला गेला की फॉरमॅटएक्स्पर आपोआप भरतो, आणि साध्या मजकुरावर जीक्यू दाबलं तर काहीच घडत नाही असं वाटतं. जीडब्ल्यू या दोघांना विचारतच नाही, आणि कर्सरही जागेवर ठेवतं.

फॉरमॅटपीआरजीमध्ये लिनक्सची एफएमटी ही ओळी रुंदीत बसवणारी कमांड लावण्याचा सल्लाही सगळीकडे मिळतो. मराठीसाठी तो निरुपयोगी आहे. माझ्याकडची एफएमटी बाइट मोजते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'मराठी' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा, युनिकोडमध्ये मात्रा धरून पाच चिन्हांचा, आणि बाइटमध्ये पंधरा. साठची रुंदी मागितली की तीन-चार शब्दांच्या ओळी येतात. तीनने गुणून १८० द्यावं, तर मजकुरात इंग्रजी शब्द किंवा आकडे आले की ओळी भलत्याच लांब होतात. विम स्वतः मूळ अक्षरं मोजतो, मात्रा मोजत नाही, म्हणून त्याच्या मोजणीत 'मराठी' तीनच. वाचायला हीच मोजणी बरी पडते.

यादीचं एक राहिलं. फॉरमॅटऑप्शन्समधला एन क्रमांकित यादी ओळखतो, पण फॉरमॅटलिस्टपॅटमधला मूळ नमुना फक्त इंग्रजी आकडे जाणतो. १), २), ३) अशी यादी असेल तर जोड चालवल्यावर सगळे मुद्दे एकाच ओळीत गोळा होतात. नमुन्यात ०-९ देवनागरीतही द्या, हवं तर 'अ)', 'आ)' सुद्धा. मात्र मूळ नमुन्यात आकड्यानंतर नुसती जागाही चालते, ती सूट मराठी आकड्यांना देऊ नका. परिच्छेदातली एखादी ओळ '१९६० साली' अशी सुरू झाली की तिथून नवा मुद्दा सुरू होतो असं विम समजतो आणि परिच्छेद दुभंगतो. एक किंवा दोन आकडे आणि त्यापुढे टिंब किंवा कंस, एवढंच मान्य करणारा नमुना ठेवा. ऑटोइंडेंट वर चालू केला तो याच एनसाठी.

जोड चालवण्याआधी मजकूर साफ करावा लागतो, आणि हे खरं तर मी आधी सांगायला हवं. पीडीएफमधल्या रिकाम्या दिसणाऱ्या ओळीत बऱ्याचदा न तुटणारी जागा असते, युनिकोड ००ए०. विमला ती मोकळी जागा वाटत नाही, ओळ भरलेली वाटते, आणि दोन परिच्छेद एकमेकांत मिसळतात. ती आधी साध्या जागेत बदला. ओळीच्या टोकाला ^ आणि एम असं चिन्ह दिसत असेल तर तो विंडोजच्या ओळशेवटाचा उरलेला तुकडा. त्याचाही परिणाम तोच, तोही काढा. परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ नसून फक्त पहिली ओळ आत सरकवलेली असेल, जसं बहुतेक मराठी पुस्तकांत असतं, तर जागेने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीच्या वर ग्लोबल कमांडने एक रिकामी ओळ घाला. कविता आणि संवाद जोडमधून वगळा. ते असलेल्या फाइलमध्ये बाकीचा मजकूर निवडून फक्त तेवढ्या भागावर कमांड चालवायची.

साफसफाईत 'न दिसणारी सगळी चिन्हं उडवा' अशी सरसकट कमांड मात्र वापरू नका. जुन्या मजकुरात 'दुसऱ्या'मधला अर्धा र पुष्कळदा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे युनिकोड २००डी, असा लिहिलेला असतो. जोडक उडाला की शब्द 'दुसर्या' होतो. आधी र, हलन्त, जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला, मग बाकीचं झाडून काढा.