रिंग रेझोनेटरचे सिम्युलेशन: वेळ कुठे वाचला

सिलिकॉन रिंग रेझोनेटरचे, म्हणजे ठरावीक वारंवारतांचा प्रकाश फिरवत साठवणाऱ्या सूक्ष्म कड्याचे, मीप या प्रकाशलहरींचे गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमधील त्रिमितीय सिम्युलेशन आता रात्रभर चालत नाही. संध्याकाळी लावले की जेवणे आटोपेपर्यंत उत्तर हाती येते, आणि त्यासाठी संगणक बदलावा लागलेला नाही. रचना नेहमीचीच आहे: ५ मायक्रोमीटर त्रिज्या, २२० नॅनोमीटर जाडीचे सिलिकॉन, सर्व बाजूंनी सिलिका आणि १५५० नॅनोमीटरच्या आसपासची तरंगलांबी.

मीप जागेचे छोट्या पेशींत तुकडे करते. केन यी यांनी १९६६ साली मांडलेल्या या ग्रिडवर रिझोल्यूशन (दर मायक्रोमीटरला किती पेशी) दुप्पट केले की पेशी आठपट होतात आणि कूरांट अटीमुळे (पेशी लहान, तर टाइम स्टेपही त्या प्रमाणात लहान) टाइम स्टेपही निम्मी करावी लागते, म्हणजे एकूण काम सोळापट वाढते. त्यामुळे खरी बचत इथेच आहे. सबपिक्सेल सरासरी (सीमेवरच्या पेशींत दोन्ही पदार्थांच्या गुणधर्मांची सरासरी) चालू ठेवून आणि रिंग तयार सिलिंडर आकारांतून बांधून मी शोधाचे सगळे रन मायक्रोमीटरला २० पेशींवर घेतो. सिलिकॉनमध्ये तरंगलांबी सुमारे ४४५ नॅनोमीटर भरते, म्हणजे एका तरंगाला जवळपास नऊ पेशी मिळतात. ४० चे रिझोल्यूशन फक्त अंतिम पडताळणीसाठी राखले आहे.

वर-खाली सिलिकाच असल्यामुळे मधल्या आडव्या प्रतलातील आरसा-सममिती वापरता येते आणि काम निम्मे होते. वर हवा असेल, तर मात्र ही सवलत मिळत नाही. शिवाय प्रकाश सोडणारा सोर्सही त्याच सममितीत बसणारा हवा.

सर्वात समाधान दिले ते सिग्नलमधील वारंवारता शोधणाऱ्या हार्मिन्व्ह या साधनाने. क्यू (रिंगमध्ये प्रकाश किती काळ टिकतो याचे माप) दहा हजारांच्या घरात असताना फूरिये रूपांतराने अरुंद शिखर वेगळे दिसण्यासाठी साधारण तितकीच आवर्तने चालवावी लागतात, तर सोर्स बंद झाल्यानंतरच्या छोट्या नोंदीतूनही हार्मिन्व्ह वारंवारता आणि ऱ्हास काढून देते. प्रत्येक मोडसोबत (रिंगमध्ये टिकणाऱ्या प्रत्येक कंपनासोबत) ते त्रुटीचा अंदाजही छापते. ती त्रुटी वारंवारतेच्या काल्पनिक भागापेक्षा (जो ऱ्हास दाखवतो) मोठी असली, तर तो मोड मी सरळ गाळतो.

प्रोसेसरचे जास्त कोर लावून फायदा होतो, पण मेमरीचा वेग आड येत असल्याने तो लवकरच थांबतो.

बस वेव्हगाइड (रिंगशेजारून प्रकाश नेणारी पट्टी) नसलेल्या रिंगसाठी दंडगोलीय निर्देशक वापरून गणित द्विमितीय करता येते, आणि तिचा स्वतःचा क्यू मी तसाच काढून ठेवला आहे. आता बस वेव्हगाइड आणि रिंग यांमधील फट बदलत जाऊन एकूण क्यू कसा घसरतो, ते त्रिमितीत तपासायचे आहे. प्रत्येक फटीला वेगळा रन लागतो.