फ्रेंडशिप, तिसरा प्रयत्न: 4,830 मीटरवर स्किनने हात टेकले

मनालीजवळचं फ्रेंडशिप शिखर याही वेळी राहिलं. 5,289 पैकी 4,830 मीटरवरून परत फिरले. बूट मस्त चालले (मागच्या वेळचं टाचांचं रडगाणं संपलं), दम टिकला, हवा तर दृष्ट लागावी अशी होती. घात केला तो स्किनने, म्हणजे चढताना स्की मागे घसरू नयेत म्हणून त्यांच्या तळाला ग्लूने चिकटवायच्या पट्ट्यांनी.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. वाटेतल्या बकरथाच या कुरणापासूनच सलग बर्फ होतं, त्यामुळे स्की पाठीवर घेऊन गवतातून चालायचा त्रास वाचला. लेडी लेग या तळाच्या जागी साधारण 3,800 मीटरवर तंबू लावला आणि रात्री 1 वाजता निघालो. पृष्ठभाग रात्रभरात गोठून टणक झालेला, स्किन छान धरत होती. डाव्या बाजूची किक-टर्न (उतारावर एकेक स्की उचलून उलट दिशेला वळणं), जी गेली दोन वर्षं मला छळत होती, ती त्या रात्री सलग सात वेळा न अडखळता जमली. सातव्या वेळी मी थांबून मागचा झिगझॅग माग हेडलाइटच्या उजेडात बघून घेतला.

4,450 च्या आसपास काचेसारखा बर्फाचा पट्टा लागला, उंचीत जेमतेम 120 मीटर. स्की घसरायला लागले म्हणून ते काढून पाठीवर बांधले आणि बुटांना क्रॅम्पॉन (टोकदार लोखंडी दात) चढवले. स्किन गुंडाळून सॅकच्या बाहेरच्या खिशात कोंबल्या. इथेच चुकलं. वर वाऱ्याने आणून टाकलेलं भुसभुशीत बर्फ होतं, गुडघाभर. तिथे स्कीशिवाय गत्यंतर नाही. स्किन उलगडल्या तर ग्लूवर दवासारखे बारीक कण चमकत होते. दाबून बसवल्या, दहा पावलं गेले आणि उजवी शेपटीकडून सुटली. सुटलेल्या जागेत बर्फ शिरतं, त्याची पाचर होते आणि प्रत्येक पावलाला ती पाचर पुढे सरकते. रबरी पट्टे तीन-तीन आवळले, पट्ट्यांच्या मधून बर्फ आत जातच राहिलं. डक्ट टेप त्या थंडीत चिकटायलाच तयार नव्हता.

शेवटी स्की पाठीवर टाकून गुडघाभर बर्फ तुडवत निघालो. अडीच तास त्यात गेले. साडेनऊला शिखराखालच्या उतारावर ऊन पुरतं पसरलं होतं आणि बाजूच्या खडकांवरून ओल्या बर्फाचे गोळे घरंगळायला लागले होते. पस्तीस-चाळीस अंशांच्या उतारावर हे दिसलं की पुढे जायचं नाही, हे माझं आणि जोडीदाराचं आधीच ठरलेलं आहे. दोघांनीही एक शब्द न बोलता स्की पायात घातले.

उतरताना मात्र सोनं मिळालं. खालच्या उतारावर वरचे दोन-तीन सेंटिमीटर नुकतेच मऊ झालेले, खाली कडक थर. कडा टेकवली की रवाळ साखरेसारखा आवाज येत होता. लेडी लेगपर्यंत एकदाही पडले नाही.

पुण्यात आल्यावर पहिला संशय ग्लूवर. स्किन चार वर्षं जुन्या आहेत. ट्यूबमधला ग्लू ज्वलनशील म्हणून विमानाच्या पार्सलने येत नाही. एका विक्रेत्याने पैसे घेऊन तीन आठवड्यांनी हे सांगितलं, ते आधी सांगायला हवं होतं. शेवटी पट्टीवरचा (कागदी पट्टीवरून स्किनवर उतरवायचा) ग्लू मागवला. आणि खरं सांगते, ट्यूबपेक्षा पट्टीच बरी, थर एकसारखा बसतो. जुना ग्लू काढायला खाकी कागद ठेवून वरून इस्त्री फिरवायची आणि कागद गरम असतानाच ओढायचा. एका स्किनला अख्खी संध्याकाळ लागली.

दुसरी स्किन मुद्दाम जुन्या ग्लूचीच ठेवली. आईने फ्रीझरमधले मटार हलवून जागा करून दिली. जुन्या तुटक्या स्कीच्या तुकड्यावर दोन्हींचे दहा-दहा सेंटिमीटर चिकटवले, रात्रभर उणे 18 ला ठेवले आणि बॅगा तोलायच्या हुकवाल्या काट्याने ओढले. जुना ग्लू 1.1 किलोला सुटला, नवा 1.3 ला. फरक किरकोळ. मग फ्रीझरच्या भिंतीवरचं हिम खरवडून चिमूटभर ग्लूवर भुरभुरलं. दोन्ही 100 ग्रॅमच्या आतच सुटले! म्हणजे दोष ग्लूचा नव्हताच. गुंडाळलेल्या स्किनच्या कडांमधून हिम आत शिरलं होतं.

सोलंगला ज्यांच्याकडे स्की शिकले त्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, स्किन जॅकेटच्या आत, पोटाशी ठेव, आणि बसवण्याआधी स्कीचा तळ सुती कापडाने कोरडा कर. आजोबांच्या पंचाचा एक तुकडा सॅकमध्ये गेला आहे. पण पोटाशी घामाची वाफही असते, म्हणून स्किनच्या मध्ये जाळी घालून बघायची आहे.

हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं. स्किन काढायच्याच कशाला? त्या 120 मीटरच्या पट्ट्यावर स्की-क्रॅम्पॉन (स्कीलाच बसणारे दात) लावले असते तर स्किन जागेवरच राहिली असती. वजन वाचवायला मी ते घरी ठेवले होते. वरचा शेवटचा तीव्र उतार तसाही बुटांवरच चढायचा आहे, आणि उतरताना स्किन लागत नाही. म्हणजे स्किन रात्री तंबूपाशी एकदाच बसेल आणि भुसभुशीत बर्फ संपल्यावर एकदाच निघेल.

तर नायलॉनच्या स्किनची नवी जोडी घ्यायचा बेत रद्द. माझ्या स्कीची कंबर (मधली रुंदी) 88 मिमी आहे, त्यामुळे 90 चे स्की-क्रॅम्पॉन लागतील, आणि घरात पडून आहेत ते 80 चे, जुन्या स्कीचे. कुणाकडे 90 ची जोडी असेल, माझ्या पिन बाइंडिंगला (बूट स्कीला पिनांनी अडकवणारा जोड) बसणारी, तर कळवा. विकत किंवा हंगामापुरती, कशीही चालेल.