माघी जयंतीचा मांडव आणि आबांचा सत्कार

कोल्हापुरातल्या आमच्या तालमीचा, म्हणजे पेठेतल्या मंडळाचा, वार्षिक मेळावा माघी गणेश जयंतीला असतो. सकाळी अभिषेक, संध्याकाळी सत्कार, रात्री महाप्रसाद. यंदा, २०२६ ला, जयंती २२ जानेवारीला आली. महापालिकेचा निकाल लागून आठवडाही झाला नव्हता, गल्लीतला गुलाल तसाच होता, आणि आम्ही सत्कार ठेवला होता तो निवडणुकीला उभंच न राहिलेल्या आबांचा.

आबा आमच्या शुक्रवार पेठेचे माजी नगरसेवक. मध्ये एकदा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा वहिनी निवडून आल्या, २०१५ ला परत आबा. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले, पद गेलं. तरी सकाळी सातला आबा तालमीच्या कट्ट्यावर हजर. कुणाचा घरफाळा, कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या दारातली तुंबलेली गटर. पाच वर्षं पदाशिवाय हे चाललं. यंदा चार-चार नगरसेवकांचे प्रभाग झाले. ‘‘एवढ्या मोठ्या प्रभागात प्रत्येक दार माझ्या ओळखीचं नाही, मग मत कुठल्या तोंडानं मागू?’’ एवढंच म्हणाले आणि अर्ज भरला नाही.

शाहू महाराजांच्या प्रतिमेचं पूजन, प्रास्ताविक, अहवालवाचन दरवर्षीसारखं झालं. मला ओढ असते ती ज्यांना भाषण करता येत नाही त्यांच्या बोलण्याची. इतक्या वर्षांच्या मेळाव्यांतली पाहुण्यांची मोठमोठी भाषणं मी विसरलो. २०२० चा मेळावा मात्र विसरलेलो नाही.

त्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये पूर आला होता. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रं बुडाली आणि पुरानं वेढलेल्या शहरात नळाला थेंब नव्हता. आमच्या भागाचे चावीवाले मामा, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून नळाला पाणी सोडणारे, त्या दिवसांत घरी गेलेच नाहीत. दिवसभर टँकरबरोबर, आणि उपसा सुरू झाल्यावर रात्रभर व्हॉल्व्हवर. म्हणून २०२० ला त्यांना शाल दिली आणि माईक हातात दिला. मामांना शब्द फुटेना. मान खाली घालून नुसते रडत होते. मांडव गप्प. आबा उठले, मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘झालं त्यांचं भाषण. वाजवा टाळ्या.’’

यंदा मामांनी आपणहून माईक मागितला. आता ते निवृत्त आहेत. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला टोपी, आणि काखेत व्हॉल्व्हची जुनी लोखंडी चावी, छातीएवढी उंच, मूठ घासून घासून चकचकीत झालेली. ती स्टेजच्या फळीवर उभी टेकवली आणि तिला धरूनच बोलले. ‘‘पुराच्या टायमाला जो भेटंल त्यो मला इचारायचा, पाणी कवा सोडणार. आबा एकटं म्हणालं, जेवलास काय रं?’’ थोडा वेळ थांबले. ‘‘मी जेवलो न्हवतो.’’ आणि खाली उतरले.

मानपत्र आमच्या निवृत्त बाईंनी फार सुंदर लिहिलं होतं, पण ते वाचताना माझ्यासकट निम्मा मांडव अजून मामांच्या बोलण्यानंच डोळे पुसत होता. आबांनी फेटा बांधून घेतला, शाल वहिनींच्या खांद्यावर घातली आणि फक्त हात जोडले.

एक गोष्ट मनाला लागली, ती लिहितोच. ज्या इमारतींच्या पाण्याच्या जोडण्यांसाठी आबांनी महापालिकेचे उंबरे झिजवले, तिथून तीनच माणसं आली. मी स्वतः घरोघरी पत्रिका दिल्या होत्या. शंभर खुर्च्यांपैकी मागच्या दोन रांगा रिकाम्या राहिल्या. आबांनी त्या पाहिल्या असतील का, हे अजून मनातून जात नाही.

राबलेल्या माणसांचे आभार त्या रात्री घाईत नीट मानले गेले नाहीत. मांडववाले तात्या, ज्यांनी भाडं घेतलं नाही. साउंडवाला पोरगा. रांगोळी काढणाऱ्या कोपऱ्यावरच्या दोघी बहिणी. फेटे बांधणारे काका, गुडघे दुखत असताना तीन तास उभे. मसालेभाताचे आचारी आणि भाजी चिरायला दुपारपासून बसलेल्या आमच्या सगळ्या काकू-वहिनी. हारांचे फूलवाले. खुर्च्या लावणारी आणि रात्री एकला त्या उचलणारी तालमीची पोरं. भांडी देणारं शेजारचं मंडळ. आणि दूधवाले भाऊ, त्यांचं नाव आभाराच्या कागदावर होतं, वाचताना माझ्याकडून सुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जाऊन माफी मागून आलो.

आबांना पंगतीत मानाचं ताट वाढलं होतं. ते बसले नाहीत. फेटा काढून वहिनींकडे दिला आणि दरवर्षीसारखी भाताची पाटी उचलली. पहिलं वाढप मामांच्या पानात. पुढच्या माघातही पाटी आपल्याकडेच ठेवा म्हणून सांगून गेलेत. तसं वहीत लिहून ठेवलंय.