लोण्याच्या अलीकडे

ज्या घरात विरजण लावून लोणी काढले जाते, त्या घरातल्या माणसाला क्रीम फेटताना सर्वांत अवघड जाते ते थांबणे. रवीची सवय झालेल्या हाताला कामाचा शेवट ठाऊक असतो. घुसळता घुसळता रवी जड होते, मग अचानक सैल पडते, आवाज बदलतो आणि ताकावर लोण्याचे कण दिसू लागतात. तो क्षण येईपर्यंत काम अपुरे असते. क्रीमच्या बाबतीत मात्र तो क्षण आला की काम हातचे गेले असे समजावे, आणि त्याच्या किंचित आधी हात थांबला तरच भांड्यात पांढरेशुभ्र, मऊ, चमचा उलटा केला तरी न ओघळणारे क्रीम मिळते.

मुळात दोन्ही क्रिया एकाच रस्त्यावरच्या आहेत. क्रीममधली स्निग्धता अतिशय सूक्ष्म थेंबांच्या रूपात असते आणि प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ आवरण असते. फेटण्याने ही आवरणे जागोजागी फाटतात आणि थेंब एकमेकांना चिकटू लागतात. ते अर्धवट चिकटलेले असताना हवेच्या बुडबुड्यांभोवती त्यांची भिंत उभी राहते, आणि क्रीम फुगून जवळजवळ दुप्पट होते. त्यापुढेही फेटत राहिले की थेंबांचे गोळे बनतात, भिंती ढासळतात, कोंडलेली हवा निघून जाते आणि लोणी वेगळे व पाणी वेगळे होते. विजेच्या हँड मिक्सरने हे शेवटचे अंतर काही सेकंदांत कापले जाते; म्हणून क्रीमवर पात्यांच्या रेघा टिकू लागल्या की मी यंत्र बाजूला ठेवतो आणि उरलेले काम हाताने करतो. शेंडा उचलून पाहावा. तो किंचित वाकला तर फळांवर घालायला क्रीम तयार आहे, ताठ उभा राहिला तर केकवर लावायला. धोक्याची सूचना क्रीम स्वतःच देते: कडा रवाळ दिसू लागतात आणि गायीच्या दुधाचे क्रीम असेल तर त्यावर पिवळसर झाक येते. म्हशीच्या दुधाचे लोणी पांढरेच असल्यामुळे तिथे रंगावर विसंबता येत नाही, रवाळपणावरच लक्ष ठेवावे लागते.

घरी इतकी साय निघते, मग क्रीमचा डबा विकत कशाला आणायचा, हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो आणि तो रास्तही आहे. परंतु साय म्हणजे नुसती स्निग्धता नव्हे. दूध तापवताना त्यातली प्रथिने स्निग्धतेला धरून पापुद्र्यासारखी वर येतात, आणि तो पापुद्रा कितीही फेटला तरी गुळगुळीत होत नाही. त्यात गुठळ्या राहतात किंवा तो थेट लोण्याकडे धाव घेतो. फेटण्याचे क्रीम तापवलेल्या दुधावरची साय खरवडून मिळत नाही, ते सेपरेटरवर दूध फिरवून वेगळे काढलेले असावे लागते. दुकानात मिळणाऱ्या साध्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धता असते. पनीरच्या रश्शाला किंवा फ्रूट सॅलडला तेवढी पुरते, परंतु हवा धरून ठेवण्यासाठी निदान ३० टक्के हवी आणि ३५ असेल तर काम निश्चिंतपणे होते. फ्रेश क्रीमचा खोका रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून, न हलवता वरचा घट्ट भाग तेवढा काढून घेण्याची युक्ती पुष्कळ घरांत चालते; तिने क्रीम दाट होते, उभे मात्र राहत नाही.

खरा शत्रू आहे तो उन्हाळा. बुडबुड्यांभोवतीची भिंत उभी राहायची तर थेंबांमधली स्निग्धता काही अंशी गोठलेली असावी लागते, आणि मे महिन्यातल्या पुण्याच्या स्वयंपाकघरात ती जवळजवळ सगळी वितळलेली असते. म्हणून क्रीम आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये असावे, भांडे आणि पातीही गार करावीत, आणि स्टीलचे पातेले बर्फाने भरलेल्या परातीत ठेवून फेटावे. स्टील चटकन गार होते, त्यामुळे इथे काचेच्या देखण्या भांड्याचा मोह टाळलेला बरा. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे नशीब या बाबतीत थोर आहे, कारण तिचा हंगामच थंडीचा. हापूस नेमका अशा वेळी येतो की जेव्हा क्रीमचे पाणी व्हायला निमित्तही लागत नाही, आणि तरीही माझ्या मते क्रीमची खरी जोडी आंब्याशीच जमते.

थंडीचा असाच पुरेपूर उपयोग पारशी मंडळींच्या ‘दूध ना पफ’मध्ये केलेला दिसतो. गोड दूध आटवून रात्रभर दवात ठेवायचे, पहाटे घुसळून वर येणारा फेस पेल्यांत भरायचा, आणि ऊन चढण्याआधी तो संपवायचा. तो फेस मुख्यतः दुधातल्या प्रथिनांच्या जोरावर उभा असतो, त्यामुळे तो क्रीमपेक्षा कितीतरी अल्पायुषी असतो.

बेकरीतले व्हिप टॉपिंग हा वेगळाच पदार्थ आहे. ते वनस्पतिजन्य स्निग्धतेचे असते, आधीच गोड असते, भरपूर फुगते आणि वाढदिवसाच्या दिवाणखान्यात पंख्याखाली निमूटपणे उभे राहते. त्याच्या गुलाबांची मी टिंगल करणार नाही, कारण असल्या उकाड्यात साध्या क्रीमचे गुलाब पाहुणे येण्याआधीच मान टाकतील. परंतु चवीला ते दूध नव्हे, आणि घास गिळल्यावरही टाळूवर त्याचा थर रेंगाळतो, हे मला तरी प्रत्येक वेळी जाणवते. घरच्या क्रीममध्ये साखर आपल्या हातात राहते. एका वाटी क्रीमला दोन चमचे पिठीसाखर पुरे, आणि तीही क्रीम जरा दाटल्यावर घालावी. व्हॅनिलाऐवजी वेलची घातली तर आंब्याशी तिचे अधिक जुळते. आंब्याच्या फोडी क्रीममध्ये हलकेच मिसळाव्यात. पातळ रस ओतला तर फुगलेले क्रीम बसते.

फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशी उरलेल्या क्रीमखाली थोडे पाणी सुटलेले दिसते, त्यासाठी हाताने चार फेरे पुरतात. क्रीम नुकतेच रवाळ होऊ लागले असेल तर दोन-तीन चमचे गार, न फेटलेले क्रीम त्यात सावकाश मिसळावे. पुष्कळदा ते सावरते. लोणी अगदी सुटलेच, तर साखर घातली नसल्यास ते सरळ कढवायला ठेवावे. साखर घातली असल्यास मात्र तुपाच्या भानगडीत पडू नये, ती तळाला करपते; ते गोड लोणी गरम पोळीवर घालून मुलांच्या ताटात वाढावे.