आमची वाटचाल : रिलेपासून कर्नलपर्यंत

जळगावच्या एमआयडीसीत शेड घेतली तेव्हा आमचं काम एकच होतं : डाळमिल आणि चटई कारखान्यांचे पॅनल दुरुस्त करणं. रिले, एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याची युनिटं, सर्किट बोर्डावरचे जळालेले ट्रॅक. पुढे रावेर-सावद्याकडे केळी पिकवायची रायपनिंग चेंबर वाढली आणि त्यांचे कंट्रोलर आमच्या टेबलावर येऊ लागले. आत लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम. सोल्डरिंग गन त्याला काय करणार?

त्यातला एक सांगण्यासारखा. नॉर फ्लॅश, म्हणजे वीज गेली तरी प्रोग्राम आणि सेटिंग जपणारी मेमरी चिप, गेलेली; तशी चिप बाजारात मिळेना. बनवणारी परदेशी कंपनी "नवा घ्या" म्हणून मोकळी झाली. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, सोर्स कोड तेवढा जीपीएल या खुल्या परवान्यामुळे हाती आला. आम्ही तेवढ्याच क्षमतेची, १६ बिटचीच पण वेगळ्या घराण्यातली चिप अडॅप्टर बोर्डावर बसवली. कर्नल अडला : कमांड सेट ०००२ चा सपोर्ट नाही. म्हणजे चिप त्याला सापडली होती, सीएफआयच्या (चिपने स्वतःची ओळख सांगायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) चौकशीला तिने क्यू-आर-वाय असं रीतसर उत्तरही दिलं होतं. पण जुनी चिप इंटेल पद्धतीच्या कमांड घ्यायची, नवी एएमडी पद्धतीच्या (हाच तो ०००२), आणि कर्नल बांधणाऱ्याने फक्त इंटेलचा पर्याय ठेवलेला. कर्नलचे पर्याय निवडायच्या मेन्यूकॉन्फिगमध्ये एमटीडी या फ्लॅशच्या विभागाखाली दुसराही चालू केला. फिजमॅप, म्हणजे चिप कुठल्या पत्त्यावर आहे ते सांगणारा ड्रायव्हर, त्यातला पत्ता आणि २ बाइटची बँकविड्थ (एका वेळी वाचायची रुंदी) होती तशीच ठेवली. मशीन उठलं.

मग सावद्याहून फोन. "भाऊ, रात्री १७ डिग्री लावतो, लाइट जाऊन आली की पुन्हा जुनंच!" आणि लाइट तर आमच्याकडे जातेच. बूट लॉगमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या नोंदींत, कारण लिहिलेलं होतं : हे पार्टिशन (फ्लॅशमधला सेटिंगचा कप्पा) इरेज ब्लॉकच्या (एकदम पुसल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) हद्दीवर सुरू होत नाही, म्हणून सक्तीने रीड-ओन्ली. जुन्या चिपच्या शेवटी ३२ केबीचे छोटे ब्लॉक होते आणि सेटिंग त्यातल्या शेवटच्यात. नव्या चिपचे सगळेच ब्लॉक १२८ केबीचे. फ्लॅश पुसायची तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, त्यात शेजाऱ्याचाही डेटा जाईल; म्हणून कर्नल लिहूच देत नाही. शहाणपणाच आहे तो. पार्टिशनची वाटणी सांगणाऱ्या एमटीडीपार्ट्सच्या ओळीत शेजारच्या पार्टिशनचे मोकळे ९६ केबी कापून सेटिंगला पूर्ण ब्लॉक दिला. तक्रार मिटली, आणि त्या गिऱ्हाइकाने आसपासचे चेंबरवाले आमच्याकडे पाठवले.

आता आमचा स्वतःचा कंट्रोलरही आहे. त्यात एसपीआय फ्लॅश (मोजक्या तारांवर जोडली जाणारी), म्हणजे फिजमॅपसारख्या मॅप ड्रायव्हरची भानगडच नाही. तरी जुन्या मशीनचं काम आम्ही सोडलेलं नाही. खरं सांगायचं तर पैसे त्यातच बरे सुटतात.